कारवीची सात वर्षे

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली कारवी फुलली आणि त्यानंतर २०२४ साली. या हिशेबाने तिथला पुढचा मोठा बहर २०३२ साली यायला हवा. बहराच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात वर्तमानपत्रांत जांभळ्या डोंगरांची छायाचित्रे छापून येतात, सह्याद्रीच्या वाटांवर गर्दी लोटते, वनखात्याला सूचनांचे फलक लावावे लागतात. बहर ओसरला की पुढची सात वर्षे कारवीचे नाव फारसे कुणाच्या तोंडी येत नाही. पर्यटकाच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. पण कारवीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यानेही हीच सवय उचलली, तर त्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. उत्तर कोकणात आणि मावळपट्ट्यात माणसाचा कारवीशी जो संबंध आला तो प्रामुख्याने फुलामुळे आला नाही, काठीमुळे आला. या काठीने शतकानुशतके घरांच्या भिंती उभ्या केल्या, गोठे आणि कुंपणे केली, चूल पेटवली. फुलाचे वर्ष त्या दीर्घ व्यवहारातले एक वर्ष होते. महत्त्वाचे, पण एकच. कारवीचे डोंगर हे माणसाचा हात न लागलेले रान आहे, हा समज इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, आणि त्याच समजावर त्यांचे संरक्षण बेतले तर ते अर्धवट राहील, असे माझे म्हणणे आहे.

आधी वनस्पती समजून घ्यायला हवी, कारण माणसाचा सगळा व्यवहार तिच्या आयुष्यक्रमावरच बेतलेला आहे. कारवी हे अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातले बहुवर्षायू झुडूप. सह्याद्रीच्या उतारांवर, जिथे खडकावर मातीचा थर पातळ असतो आणि पावसाचा मारा जबर असतो, तिथे ती एकटीदुकटी न वाढता दाट जाळीने वाढते. मोठ्या झाडांच्या सावलीतही ती असते आणि उघड्या उतारावरही. उंची माणसाच्या डोक्याएवढी, चांगल्या जागी त्याच्या दुप्पट-तिप्पटही. पाने मोठी, खरखरीत, कडेला दातेरी. पावसाळ्यात हिरवीगार दिसणारी ही जाळी उन्हाळ्यात पाने गाळते आणि मग वाळल्यासारख्या दिसणाऱ्या काठ्यांचे रान तेवढे उरते. पहिल्या पावसानंतर त्याच काठ्यांना पुन्हा पालवी फुटते. असे सात पावसाळे काढल्यावर एका डोंगरावरची जवळपास सगळी कारवी एकाच हंगामात फुलते. चिकट, उग्र वासाच्या तुऱ्यांमधून जांभळट निळी फुले येतात, बोंडे धरतात, आणि झुडूप मरते. बोंडे वाळून तशीच काठीवर राहतात. पुढच्या पावसाचे पाणी लागले की ती तडकतात आणि आतल्या आकड्यासारख्या अवयवांच्या जोरावर बिया दूर फेकल्या जातात. त्या बियांतून नवी पिढी एकदम उगवते, त्यामुळे तिचे वयही एकच असते आणि फुलण्याचे वर्षही एकच.

इतकी वर्षे थांबून एकदम फुलण्यात काय हशील, याचे एक सर्वमान्य उत्तर आहे. डॅनियल जॅन्झन या परिस्थितिशास्त्रज्ञाने १९७६ साली बांबूच्या दीर्घ फुलोऱ्याबद्दल ते मांडले: दरवर्षी थोडे थोडे बी आले तर किडे, पाखरे आणि उंदीर ते सगळे फस्त करतात, पण अनेक वर्षांच्या उपासानंतर एकदम ढीगभर बी पडले तर खाणाऱ्यांची पोटे भरूनही पुष्कळ उरते. हेच कारण कारवीला आणि केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांवर बारा वर्षांनी फुलणाऱ्या नीलकुरिंजीलाही लागू पडते. या व्यूहाचा एक परिणाम इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सगळी झुडपे एकाच वयाची असल्याने एका उतारावरच्या काठ्या साधारण एका जाडीच्या, एका उंचीच्या आणि सरळ असतात. दाटीत प्रकाशासाठी वर धावताना त्यांना बाजूच्या फांद्या फारशा फुटत नाहीत. म्हणजे घर बांधणाऱ्याला जशी हवी तशी काठी, तीही हजारोंच्या संख्येने, डोंगर आपणहून पुरवतो. कास पठारावरची टोपली कारवी ही याच गोतावळ्यातली, पण वेगळी, ठेंगणी आणि घुमटाकार वाढणारी जात आहे. तिच्या काठीने भिंत होत नाही, म्हणून ती या कथेच्या बाहेर राहते.

या काठीपासून जी भिंत होते तिला कूड म्हणतात. जमिनीत लाकडी मेढी रोवून घराचा सांगाडा उभा करायचा. मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्या एकमेकींना चिकटवून उभ्या लावायच्या. बांबूच्या आडव्या कामट्यांनी त्या दोन्ही बाजूंनी आवळायच्या आणि वेलीच्या किंवा सालीच्या दोरांनी बांधायच्या. मग माती आणि शेण कालवून दोन्ही अंगांनी लिंपण करायचे. ज्या बाजूने पावसाची झड लागते तिकडे गवताचा किंवा पानांचा आडोसा बांधायचा. भिंत वजनाला हलकी, त्यामुळे मेढींवर भार कमी. छपराचे ओझे मेढी पेलतात, कुडाचे काम फक्त आडोशाचे. म्हणून कुडाचा एखादा भाग कुजला तर घर न पाडता तेवढाच बदलता येतो. काही ठिकाणी स्वयंपाकघराच्या कुडाचा वरचा पट्टा मुद्दाम लिंपायचा राहू देतात, म्हणजे चुलीचा धूर काठ्यांच्या फटींतून निघून जातो. असा कूड वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या घरांना असे, पण तो फक्त आदिवासींचा नव्हता. कुणबी आणि आगरी वस्त्यांतली घरे, बड्या घरांच्या आतल्या आडभिंती, गुरांचे गोठे, खळ्यावरच्या खोपी या सगळ्यांत कारवी होती. परसातल्या घेवड्याच्या आणि दोडक्याच्या वेलांना आधार म्हणूनही तीच काठी रोवली जाई.

या भिंतीचा एक गुण तिच्या इतिहासाला निर्णायक वळण देतो: ती कायमची नसते. सारवण वारंवार करावे लागते, लिंपण पावसाळ्यानंतर डागडुजीला येते आणि काठ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. विटेची भिंत बांधली की बांधणाऱ्याचा मातीशी संबंध संपतो. कुडाची भिंत घराला डोंगराशी कायम बांधून ठेवते. गावातल्या प्रत्येक घराला दर काही वर्षांनी भारेच्या भारे काठ्या लागत असतील, तर कुठल्या उतारावरची काठी कोवळी आहे, कुठली तयार आहे, कुठली फुलून मेली आहे, हे गावाला ठाऊक असणे भाग होते. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या लवलवीत फोकांनी कूड होत नाही. त्याला वाढून कठीण झालेली काठी लागते. शेजारशेजारच्या डोंगरांची फुलण्याची वर्षे एकच असतात असे नाही, त्यामुळे एका उताराची काठी तयार नसली तरी दुसऱ्याची असे. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ज्याला एकवयीन समूहाचा फुलोरा म्हणतात, तो गावाच्या व्यवहारात भिंतीच्या सामानाचा हिशेब होता. लिखित शास्त्राच्या बाहेर राहूनही हा हिशेब पिढ्यान् पिढ्या अचूक चालला, याचा पुरावा म्हणजे ती घरे.

या भिंतीवरच महाराष्ट्रातली आज जगभर सर्वांत जास्त ओळखली जाणारी चित्रकला जन्मली. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागातले वारली लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहितात. सवाष्णी तांदळाच्या पिठाने तो काढतात आणि त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. ज्या पृष्ठभागावर ही पांढरी रेघ उमटते तो पृष्ठभाग म्हणजे शेणामातीने लिंपलेला, गेरूने रंगवलेला कारवीचा कूड. लिंपणाखालच्या उभ्या काठ्यांमुळे हा पृष्ठभाग गुळगुळीत सपाट नसतो. त्याला बारीक उंचसखलपणा असतो आणि रेघेला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरातल्या वारली कलाकारांना कागद आणि रंग दिले. गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही कला कागदावर आणि कापडावर स्थिरावली, देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेली, आणि २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. हे स्थलांतर कलेसाठी हिताचेच ठरले. त्याने अनेक कुटुंबांना रोजगार आणि मान दिला. पण या प्रवासात चित्र पुढे गेले आणि भिंत मागे राहिली. संग्रहालयांनी रेघ जपली; ती रेघ पेलणारी काठी कुठल्या डोंगरावरून, कुठल्या वयाची आणत, हे जपण्याजोगे ज्ञान आहे असे क्वचितच कुणाला वाटले. कारवीच्या इतिहासाकडे आपण कसे पाहतो याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

लेखी साधनांकडे वळले की हीच उणीव वेगळ्या रूपात दिसते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांचा विचार आहे, आणि तो त्या काळाच्या मानाने असाधारण संवेदनशील आहे. आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, पण आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वाढायला वर्षे लागतात आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. त्याच आज्ञापत्रात गडाच्या उतारांवरची झाडी प्रयत्नाने वाढवावी आणि त्यातली काडीही तोडू देऊ नये असे बजावले आहे, कारण ती झाडी हेच गडाचे संरक्षण. मोल आहे ते जहाजाच्या लाकडाला, फळझाडाला आणि गडाच्या आडोशाला. झुडपी काठीला राज्याच्या हिशेबात वेगळी जागा नव्हती, कारण तिच्यावर महसूल नव्हता आणि युद्धसामग्रीतही ती येत नव्हती. तरी या साधनातून एक गोष्ट निःसंशय कळते: सह्याद्रीच्या उतारांवरची झाडी तीनशे वर्षांपूर्वीही माणसाच्या निर्णयांच्या कक्षेत होती. कुठे वाढवायची, कुठे तोडायची, कुठे तोडू द्यायची नाही, यावर हुकूम निघत होते. ज्याला आज आपण निसर्गाचा देखावा म्हणतो, तो त्या काळी राखलेला आणि वापरलेला भूभाग होता.

युरोपीय वनस्पतिशास्त्रात कारवीची नोंद १८३२ साली झाली. जर्मन शास्त्रज्ञ नेस फॉन एसेनबेक यांनी तिला स्ट्रोबिलँथस कॅलोसा हे नाव दिले. १८६१ साली डॅल्झेल आणि गिब्सन यांचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे पुस्तक आले. त्यांतले अलेक्झांडर गिब्सन १८४७ पासून मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: वनस्पतींची यादी करणारा हात आणि जंगलावर हुकूम चालवणारा हात एकच होता. पुढे थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ पूर्ण केला, आणि १९४४ साली डच शास्त्रज्ञ ब्रेमेकांप यांनी या गटाची फेरमांडणी करताना कारवीसाठी कार्विया ही वेगळी प्रजातीच सुचवली. मराठी मुलखातले नाव लॅटिन होऊन शास्त्रात गेले. ही कामे आपापल्या जागी मोलाची आहेत. पण वर्गीकरणाचा सगळा भर फूल, बोंड आणि बी यांवर असतो. जे वर्गीकरणाला लागते ते फुलाच्या वर्षी मिळते; जे घराला लागते ते बाकीच्या वर्षांत. त्यामुळे शास्त्राची आणि पर्यटनाची नजर, हेतू अगदी वेगळे असूनही, एकाच वर्षावर स्थिरावली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारवीच्या उतारांवर मालकीचा प्रश्न उभा राहिला. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगले सरकारच्या ताब्यात घेऊन राखीव केली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यातून इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. आयोगापुढचा कळीचा विषय राबाचा होता: भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी लागणारे टहाळे, पाला आणि गवत शेतकऱ्याने कुठून आणायचे. पण राबाच्या टहाळ्याला जो नियम, तोच सरपणाला आणि कुडाच्या काठीला. काल ज्या उतारावरून गावाने आपल्या भिंतीचे सामान आणले, तिथे आज पाऊल टाकायला परवानगी लागू लागली. उलट, वनखात्याच्या स्वतःच्या दृष्टीने कारवी बिनमोलाची, किंबहुना अडचणीचीच होती. दाट कारवीखाली सागाची आणि इतर झाडांची रोपे सहजी वर येत नाहीत, म्हणून इमारती लाकूड वाढवू पाहणाऱ्यांना ती अडथळा वाटे. ज्या झुडपाला सरकार निरुपयोगी मानत होते, ते तोडल्याबद्दल गावकरी मात्र गुन्हेगार ठरू शकत होता. या विसंगतीत कारवीच्या आधुनिक इतिहासाचे मूळ आहे. वनस्पती तीच, उतार तोच. पण तिच्याशी दैनंदिन संबंध असलेला माणूस कागदोपत्री अतिक्रमण करणारा झाला.

बहराचे वर्षही या व्यवहारापासून तुटलेले नव्हते. कारवी फुलली की सातेरी आणि आग्या मधमाश्यांना अपरंपार खाद्य मिळते आणि त्या हंगामाचा कारवीचा मध घट्ट आणि गडद येतो. महाबळेश्वर परिसरात मधपेट्यांचा उद्योग रुजला तेव्हा जांभूळ, हिरडा यांच्या वार्षिक फुलोऱ्याबरोबर कारवीसारख्या सात-आठ वर्षांनी येणाऱ्या बहराचाही हिशेब मधपाळांना ठेवावा लागला. २०२२ च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मधपाळासाठी कारवीचे न फुललेले वर्षही अर्थपूर्ण असते, कारण कुठला डोंगर कधी फुलणार यावर पेट्या कुठे न्यायच्या हे ठरते. म्हणजे फुलाचा खरा उपयोग करून घेणारा माणूससुद्धा मधली सात वर्षे मोजत असतो. फुलाच्या एका वर्षापुरते डोंगराकडे पाहणे ही सवय फक्त ज्याचा डोंगराशी व्यवहार नाही अशाची आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. कुडाचे घर हे ज्ञानाचे नव्हे, दारिद्र्याचे चिन्ह होते, असे कुणी म्हणेल. वीट आणि सिमेंट परवडत नव्हते म्हणून लोक काठ्या आणत. परवडू लागताच त्यांनी कूड सोडला. ज्या वारली पट्ट्यात ही घरे होती तिथेच लग्नगड्याची, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी राबण्याची, आणि वेठबिगारीची प्रथा होती. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आणि १९४५ चा वारल्यांचा उठाव त्याची साक्ष देतात. सावकाराच्या शेतावर राबणाऱ्या माणसाच्या गळक्या झोपडीला वारसा म्हणणे ही त्याची थट्टा होईल. या आक्षेपातला नैतिक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पक्के घर मागणाऱ्याला कुडाचे गुण ऐकवण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि हा लेख तसे सुचवत नाही. पण दारिद्र्य आणि ज्ञान एकमेकांना छेद देत नाहीत. सक्तीच्या परिस्थितीतही माणसे कौशल्य कमावतात, आणि परिस्थिती अन्यायाची होती म्हणून कौशल्य खोटे ठरत नाही. शिवाय कुणबी-आगरी घरांतली आणि बऱ्या स्थितीतल्या घरांच्या आतली कुडाची भिंत केवळ नाइलाजाने स्पष्ट होत नाही. हलकी, स्वस्त, दुरुस्तीला सोपी भिंत म्हणून तिची निवड झाली होती. अन्यायाचा इतिहास लिहिताना ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे ज्ञानही पुसून टाकले, तर तो दुसरा अन्याय होतो.

इथे सरकारी गणनेची दृष्टीही तपासण्याजोगी आहे. २०११ च्या जनगणनेत घराच्या भिंतीचे साहित्य नोंदवताना गवत, पाला, बांबू वगैरे हा एक प्रकार होता आणि माती किंवा कच्ची वीट हा दुसरा. कारवीचा लिंपलेला कूड या दोन्हींत बसतो आणि धड एकातही बसत नाही. काठी पाहिली तर पहिला रकाना, लिंपण पाहिले तर दुसरा. घरकुल योजनांच्या भाषेत तो सरसकट कच्चा. योजनेला सोपे वर्गीकरण लागते, हे समजण्यासारखे आहे. पण अशा रकान्यांतून पुढे इतिहास लिहिला गेला तर एका मोठ्या प्रदेशाची बांधकामपद्धती कुठल्याच आकड्यात दिसणार नाही. वारल्यांवर के. जे. सावे यांचे १९४५ सालचे आणि सह्याद्रीतल्या ठाकरांवर ल. ना. चापेकर यांचे १९६० सालचे पुस्तक, अशा अभ्यासांचे मोल म्हणूनच वाढते: रकान्यात न मावणारे जीवन त्यांनी वर्णनातून टिपले.

दुसरा आक्षेप संरक्षणाच्या बाजूचा आहे. काठी तोडली म्हणजे झुडूप फुलण्याआधीच मेले. एकगठ्ठा बीज टाकण्यावर जगणाऱ्या जातीला संख्या घटणे परवडत नाही. तेव्हा आज जे डोंगर जांभळे दिसतात ते तोड थांबली म्हणूनच दिसतात, असे म्हटले जाईल. यात तथ्य आहे. फुलण्याच्या आदल्या वर्षी संपूर्ण उतार बोडका केला तर त्या डोंगरावरची एक पिढी निःसंतान जाईल. मुंबईसारख्या प्रचंड शहराच्या कुशीतल्या उद्यानात मुक्त तोडीला वाव असू नये, हेही उघड आहे. पण वापर आणि विध्वंस यांतला फरक प्रमाणात आणि वेळेत असतो. स्वतःच्या घरापुरता, डोक्यावर मावेल तेवढा भारा नेणाऱ्या कुटुंबाची गरज एका मर्यादेत राहते. काठी मोठ्या प्रमाणावर बाजारात जाऊ लागली की ती मर्यादा सुटते. फुलून मेलेल्या कारवीच्या काठ्या बी पडून गेल्यावर नेल्या तर वनस्पतीचे काहीही जात नाही. सर्वांत ठोस उत्तर मात्र डोंगरच देतात. भीमाशंकरच्या डोंगरांना अभयारण्याचा दर्जा १९८५ साली मिळाला. त्याआधी कित्येक पिढ्या तिथे महादेव कोळ्यांची गावे होती, त्यांची घरे होती, चुली होत्या; आणि कारवीही होती. वापराने कारवी नष्ट होत असती, तर संरक्षण यायच्या आधीच ती संपली असती. ती संपली नाही, कारण त्या वापराला स्वतःची शिस्त होती.

तिसरा आक्षेप पुराव्याच्या स्वरूपाचा: कागदपत्रांत काठीचा उल्लेख इतका विरळ असताना एवढा इतिहास उभा करणे कितपत योग्य? याला उत्तर असे की कागद हा इतिहासाचा एकमेव साक्षीदार नाही. इथे तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले पुरावे एका जागी मिळतात. एक, वनस्पतीचा आयुष्यक्रम, जो एकसारख्या काठ्यांचा पुरवठा चक्राने करतो. दोन, बांधकामाची पद्धत, जी नेमक्या अशाच काठीवर आणि तिच्या पुनःपुन्हा होणाऱ्या पुरवठ्यावर अवलंबून आहे. तीन, एकोणिसाव्या शतकातला जंगलहक्कांचा संघर्ष, जो डोंगरावरच्या झुडपी मालाशी लोकांचे जगणे किती घट्ट बांधलेले होते हे दाखवतो. या तिन्हींना एकमेकांची गरज नाही. तरी ते एकाच निष्कर्षाकडे येतात. महसुली दप्तराने ज्याची दखल घेतली तेवढेच घडले असे मानणे, ही इतिहासाची शिस्त नव्हे.

याच प्रश्नाचे दुसरे रूप दक्षिणेत दिसते. मुन्नार परिसरातली नीलकुरिंजी २००६ आणि २०१८ साली फुलली. २००६ साली तिच्यासाठी इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीमला अभयारण्य जाहीर झाले, आणि त्याच्या हद्दीवरून जमिनीचे वाद वर्षानुवर्षे चालत राहिले. फुलाला सीमा आखून दिली, पण त्या सीमेच्या आत-बाहेर राहणाऱ्या माणसांचा प्रश्न सुटला नाही. महाराष्ट्रात कारवीसाठी तसा वेगळा प्रदेश जाहीर करण्याची वेळ आलेली नाही. ती अजून पुष्कळ डोंगरांवर आहे. म्हणूनच इथे अधिक शहाणपणाने वागण्याची संधी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर झुडपी लाकूडफाटाही घेतला आहे आणि मधही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या जंगलाचे व्यवस्थापन करण्याचा अधिकारही दिला आहे. एकशे वीस वर्षांहून अधिक काळ ज्या काठीसाठी माणूस गुन्हेगार ठरू शकत होता, तिच्यावरचा त्याचा हक्क कायद्याच्या भाषेत परत आला. आता प्रश्न उरतो तो हा हक्क कागदावरून उतारावर आणण्याचा.

त्यासाठी पहिले काम नोंदीचे आहे. कुठला डोंगर कुठल्या साली फुलला, ही माहिती आज छायाचित्रांखालच्या तारखांत आणि गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत विखुरलेली आहे. ती डोंगरवार एकत्र केली तर शास्त्राला बहराच्या चक्राचा, मधपाळाला पेट्यांचा आणि ग्रामसभेला काठीचा हिशेब एकाच तक्त्यातून मिळेल. दुसरे काम भिंतीचे आहे: वारली चित्रांची संग्रहालये ज्या आस्थेने रेघ जपतात, त्याच आस्थेने कूड बांधण्याची पद्धत, काठी निवडण्याचे निकष आणि लिंपणाचे प्रमाण, ते हात अजून कामात आहेत तोवर, टिपून ठेवली पाहिजेत. तिसरे काम सर्वांत अवघड: कारवीच्या डोंगराबद्दल निर्णय घेताना बहराच्या वर्षी येणाऱ्या पाहुण्याच्या सोयीपेक्षा उरलेली वर्षे तिथे राहणाऱ्याच्या ज्ञानाला वरचे स्थान देणे. कारवीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला तिचा बहर पुढेही दिसावा असे वाटते. पण बहर हे सात वर्षांच्या वाढीचे फळ आहे, आणि त्या वाढीची राखण ज्यांच्या व्यवहारातून झाली त्यांना वगळून ते टिकवता येणार नाही. २०३२ पर्यंत पुरेसा अवधी आहे. तो फुलांची वाट पाहण्यात न घालवता या नोंदींच्या कामी लावला, तर पुढच्या बहराच्या वेळी आपल्याजवळ छायाचित्रांखेरीज कारवीचा खरा इतिहासही असेल.